चांदीचं अंगडं

लग्न होऊन मी सांगलीला आले तेव्हा सवत आधीपासून घरात नांदत होती. तिचं नाव निकेल. आमचे हे, म्हणजे दिलावर मिस्त्री, सकाळी उठले की आधी तिच्या हौदाशी जायचे आणि मग चहाला बसायचे. मी काय शिजवलंय हे त्यांना जेवून उठल्यावरही सांगता येत नसे. पण हौदातलं पाणी काल किती हिरवं होतं आणि आज किती आहे, हे झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी आधी रागावले, मग रडले, मग हसायला लागले. सवतीशी जमवून घ्यावंच लागतं, आणि ही निदान उलटून बोलत तरी नव्हती.

आमच्या घरातली बोली वेगळी. पण ही हकिकत घडली ती बरीचशी मराठीत, म्हणून सगळीच मराठीत लिहिते.

गणपती पेठेच्या मागच्या बोळात आमचं पालिशचं दुकान. पालिश म्हणजे बुटाचं नव्हे. लोखंडाची, पितळेची वस्तू आणून द्यायची आणि पांढरी, चकचकीत झालेली परत न्यायची. सायकलची हँडलं यायची, गॅसबत्त्यांच्या टाक्या यायच्या, स्टोव्ह, कुलपं, पेटीच्या कड्या, दवाखान्यातल्या कात्र्या आणि चिमटे. मागच्या खोलीत शिशाचा पत्रा आतून मारलेला लाकडी हौद होता. त्यात निकेलच्या क्षाराचं हिरवं पाणी. हौदाच्या दोन्ही काठांना निकेलच्या जाड पट्ट्या लोंबत, मध्ये तांब्याच्या तारेवर वस्तू टांगायची आणि मोटारीच्या जुन्या बॅटऱ्यांची वीज पाण्यात सोडायची. काठावरची पट्टी हळूहळू झिजते आणि तेच निकेल वस्तूवर जाऊन बसतं. मधल्या मध्ये पाण्यात ते कुठे असतं, हे मी त्यांना एकदा विचारलं. “पाणी हिरवं का हाय मग?” एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे असं बघितलं, की हिला इतकंही कळू नये.

निकेलचं कौतुक करायला लागले की थांबत नसत. चांदी काळी पडते, लोखंड गंजतं, पितळेला हिरवा गंज धरतो. निकेलला हवा लागो, पावसाचं पाणी लागो, ते दाद देत नाही. घासून गुळगुळीत करा, तोंड बघा. लोखंडात थोडं मिसळा, लोखंड दुप्पट चिवट होतं. तोफा आणि रणगाड्यांचे पत्रे त्याच्याच जोरावर उभे. आणि गंमत म्हणजे लोहचुंबकाला लोखंडाखेरीज ओढ लागते ती ह्याचीच. खिशात ते एक लोहचुंबक घेऊन हिंडत आणि दिसेल त्या पांढऱ्या वस्तूला लावून बघत. एकदा माझी मावशी ज्याला चांदीचा समजत होती त्या पानाच्या डब्याला लावून त्यांनी तिला “वर निकल, खाली पितळ हाय” असं सांगितलं, तेव्हापासून ती आमच्याकडे जेवायला यायची बंद झाली.

लढाई लागली तसं निकेल मिळेनासं झालं. सगळं तोफखान्याकडे जायला लागलं. नव्या सायकली हँडलापासून घंटीपर्यंत काळा रंग मारून यायला लागल्या. आण्याचं पांढरं नाणंसुद्धा पिवळं झालं. सरकारनं त्यातलं निकेल बहुतेक काढून घेतलं. ह्यांनी पहिला पिवळा आणा हातात घेतला तेव्हा घरात कुणी गेल्यासारखं तोंड केलं होतं. हौद दिवसचे दिवस नुसता पडून राहायचा. काठावरच्या पट्ट्या झिजून सुरीच्या पात्याएवढ्या झाल्या होत्या.

एक गोष्ट मात्र लढाईनं बरी केली होती. ह्यांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, लाल चट्टे असत. उन्हाळ्यात ते फुटत, त्यातून पाणी सुटे, आणि रात्री झोपेत खाजवून ते हात सोलून काढत. मी वर्षानुवर्षं खोबरेल तेल लावत आले. काम कमी झालं तसे हात सुधारले. मी तेवढ्यावरून म्हणाले, “बघा, तुमच्या लाडकीचेच हे गुण.” तर भडकले. “वस्तू घासायच्या चुन्यानं होतंय ते. धुवायच्या कॉस्टिकनं होतंय. निकल हवेला दाद देत न्हाई, ते माझ्या कातड्याच्या वाटंला कशाला जाईल?”

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात डिग्रजच्या बनुआक्का दुकानात आल्या. दारातूनच ओरडत आल्या. त्यांचा मुलगा सयाजी मराठा पलटणीत होता, इटलीत लढत होता. पलटणीत जाण्याआधी सायकल चकचकीत करायला तो आमच्याकडे यायचा आणि त्या ओळखीनं बनुआक्का दर साली गुळाची ढेप पाठवायच्या. त्यांनी पदराखालून तांब्या काढून फळीवर आपटला.

“मिस्त्री, पालिश केलं का फशीवलं? बगा, पुन्ना पिवळं झालं.”

ह्यांनी तांब्या फिरवून बघितला. कडेला जरा पांढरं उरलं होतं, बाकी खालचं पितळ वर आलेलं. “कशानं घासता?”

“कशानं म्हंजे? चिचंनं आन राखंनं. भांडं आनि कशानं घासत्यात?”

“आवं, निकलला घासायचंच नसतं. वल्या फडक्यानं पुसायचं. तुमी रोज चिंच चोळून त्याला खाल्लं आन राखंनं सोलून काढलं.”

“भांडं घासायचं न्हाई?” बनुआक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ह्या माणसाच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे असंच वाटलं असणार. मलाही कधीकधी वाटायचं.

त्यांच्या मागे पायरीवर त्यांची सून बसली होती. विजयमाला तिचं नाव, माहेर जतकडचं, लग्नाला दीड-दोन वर्षं झालेली. ती पाय पदराखाली ओढून इतकी आवरून बसली होती की मला शंका आली. मी तिला पाणी द्यायच्या निमित्तानं आत नेलं आणि सरळ म्हणाले, “पाय दाखव.”

तिनं पदर बाजूला केला. दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटात जोडवी होती, तिसऱ्या बोटात विरोद्या. त्यांच्याखालची कातडी लाल, सुजलेली, ओली. तिथून चट्टे पसरत पावलावर चढले होते. एवढ्या तरण्या पोरीचे पाय असे बघवेनात.

बनुआक्का मागोमाग आत आल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आधी वाटलं, जतच्या कोरड्या मातीत वाढलेले पाय, उसाच्या ओल्या सरीत उभे राहून कुजले. तिला रानात पाठवणं बंद केलं, तरी थांबेना. वैद्याचा लेप झाला, देवीला नवस झाला. मिरजेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, बोटातलं काढा, आधी पाय बरा होऊ द्या. ते ऐकून सासू-सून दोघी उठून घरी आल्या होत्या. नवरा लढाईवर असताना बायकोनं जोडवी काढायची? डॉक्टर परमुलखातले, त्यांना काय ठाऊक.

“आन आता चार म्हैनं सयाजीचं कागुद न्हाई,” बनुआक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. “गावात बाया बोलत्यात. पोरीच्या पायातच खोट हाय म्हनत्यात. मी किती दीस कान झाकू? बाजार झाला की गाडी जुपून हिला जतला पोचवनार हाय.”

“बरी होईपर्यंत?”

बनुआक्कांनी सुनेवरची नजर काढून घेतली. मला कळलं. विजयमालालाही कळलं होतं. पांढऱ्या पायाची म्हणून एकदा माहेरी घातलेल्या पोरीला परत आणायला गाडी जात नाही.

मला त्या पायावरचे चट्टे ओळखीचे वाटत होते. वर्षानुवर्षं ज्यांना तेल लावलं ते मी विसरेन होय? मी ह्यांना हाक मारली आणि म्हणाले, “जोडव्यांना बघा. ह्यात तुमचं निकेल असंल.”

ह्यांनी पोरीकडे न बघता खिशातलं लोहचुंबक जोडव्याजवळ धरलं. हललं नाही. विरोदीजवळ धरलं. हललं नाही. “न्हाई,” म्हणाले. “निकल असतं तर ओढून घेतलं असतं. माझ्या निकलवर आळ घेऊ नको.”

“चांदीच हाय ती!” बनुआक्का म्हणाल्या. “सयाजीनं पैल्या पगारात बेळगावला घेतल्यात. सवताच्या हातानं आनून दिल्यात.” आणि मग सुनेकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, “चांदी कुनाला बादत न्हाई. मंजी खोट पायातच हाय.”

मला माझाच राग आला. मदत करायला गेले आणि होतं ते अजून बिघडवून बसले. पोरीनं मान खाली घातली. मी तिच्या विरोद्या मागितल्या. काळ्या पडल्यात, उजळून देते म्हणाले. जोडव्यांना मी हात लावला असता तर तिनं मला घरातून हाकलली असती, माझ्याच घरातून. विरोद्यांचं एवढं नव्हतं. बोटं सुजलेली, तेल लावून लावून त्या काढल्या. ती ओठ चावत राहिली.

त्या दोघी गेल्यावर संध्याकाळी मी डब्यातून जुना पांढरा आणा काढला आणि भाकरी थापता थापता ह्यांच्यापुढे टाकला.

“ह्यात निकेल आहे का?”

“हाय की. तांबं जास्त, निकल कमी.”

“लोहचुंबक लावा.”

त्यांनी आणा उचललाच नाही. लावायची गरज नव्हती. आणा लोहचुंबकाला चिकटत नाही हे त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं. तांबं जास्त झालं की निकेलची ती ओढ मरते, हे मला त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. ठाऊक असून दुपारी आठवलं नाही, कारण आठवायचं नव्हतं. लाडक्या माणसावर कुणी बोट दाखवलं की आपण सगळेच असं करतो.

“कॉस्टिकनं होतं म्हणता ना?” मी म्हणाले. “ती पोर कॉस्टिकमध्ये पाय घालत नाही. ही विरोदी मी तुमच्या हाताला बांधते. काही झालं नाही तर पुन्हा तुमच्या निकेलचं नाव काढणार नाही.”

“बांध. परवा माझे पाय धरशील.”

चिंच निकेलला खाते हे ऐकलंच होतं, म्हणून मी विरोदी चिंचेच्या कोळात बुडवली आणि दंडाला, जिथे एकही चट्टा नव्हता तिथे, फडक्यानं घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी ते दुकानात बसले होते आणि त्यांचा हात सारखा दंडाकडे जात होता. मी बघितलं की हात खाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं सोडलं. दंडावर विरोदीएवढा लाल गोल उठला होता, वर बारीक पुळ्या. बांगडीचा शिक्का मारावा तसा.

मला वाटलं होतं, मी हसेन. इतकी वर्षं सवतीचा छळ सोसला, आज ती पकडली गेली. पण ह्यांचं तोंड बघून मला हसू फुटलं नाही. ते बराच वेळ दंडाकडे बघत बसले, मग हौदाकडे बघितलं.

“हवेला दाद देत न्हाई,” ते म्हणाले, “पण घामाला देतं. खारट, आंबट काही लागलं की जरा जरा सुटतं आन कातड्यात शिरतं. एकदा शिरलं की कातडं त्याला विसरत न्हाई.” थोड्या वेळानं म्हणाले, “तुला कधीच काही झालं न्हाई. मलाच का?”

“मी त्याच्यावर जीव लावला नव्हता,” मी म्हणाले, आणि मग मला वाईट वाटलं.

त्या दिवशी आम्ही टांगा करून डिग्रजला गेलो. बनुआक्कांच्या दारात गाडी उभी होती, बैल अजून जुंपायचे होते, आत एक वळकटी आणि एक बोचकं ठेवलं होतं. विजयमाला उंबऱ्याजवळ उभी होती, डोक्यावर पदर, तोंड कोरडं. ह्यांनी काही प्रस्तावना केली नाही. सदऱ्याची बाही दंडापर्यंत सारली.

“बनुबाई, हे बगा. तुमच्या सुनंची विरोदी माझ्या दंडाला बांधली हुती. मला कुटं सासर हाय? आता माझेबी पाय पांढरे म्हना.”

बनुआक्का जवळ आल्या. गोल बघितला, सुनेच्या पायाकडे बघितलं, पुन्हा गोल बघितला. “चांदीनं असं हुतंय?”

“चांदी न्हाई ती. तांबं, जस्त आन निकल. जर्मन सिल्व्हर म्हनत्यात. चांदीचा त्यात कणबी नसतो. दिसाय मात्र चांदीवानी.”

“जर्मन?” बनुआक्का तिथेच ओट्यावर बसल्या. “माजं लेकरू तिकडं जर्मनाच्या गोळ्या झेलतंय, आन हितं त्येच्या बायकूच्या पायात जर्मनचंच घातलं व्हय कुनी?”

ह्यांनी सांगितलं, ते नुसतं नाव आहे, त्या माणसांचा ह्याच्याशी काही संबंध नाही. बनुआक्का ऐकत नव्हत्या. पहिला पगार, तो शिपायाचा कपडा घातलेला पोरगा, तो दुकानदार, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. “फशीवलं माज्या पोराला,” त्या म्हणाल्या.

तेव्हा विजयमाला पहिल्यांदा बोलली. “त्यास्नी फशीवलं. त्यांनी मला न्हाई फशीवलं. मी काडनार न्हाई.”

“अगं, पाय सडतील,” मी म्हणाले.

“सडू द्यात. ते हितं असते तर एक येळ काडली असती. ते तितं असताना न्हाई.” मग तिनं सांगितलं ते ऐकून आमचे हे कपाळाला हात लावून बसले. जोडवी काळी पडली की तिकडे त्यांच्यावर काही संकट आलं असं तिच्या मनानं घेतलं होतं. म्हणून रोज सकाळी अंघोळ झाली की ती चिंच आणि मीठ घेऊन, पायातच, जोडवी पांढरी होईपर्यंत घासत बसायची. जखमेवर चिंच झोंबायची तरी घासायची. जितकी घासत होती तितकं निकेल सुटत होतं आणि जितकं सुटत होतं तितका पाय फुटत होता. नवऱ्याला वाचवायला ती रोज स्वतःच्या हातानं पायात आग लावत होती. मला तिथे रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

बनुआक्काही सुनेकडे बघत राहिल्या. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका घरात राहून ठाऊक नव्हतं.

ह्यांनी बराच विचार करून तोंड उघडलं. “पोरी, जोडवी बदलायची न्हाईत. हीच ऱ्हातील. ह्यांच्यावर मी चांदीचं अंगडं घालतो, जाड, आतनं भाईरनं. जर्मन सिल्व्हरवर चांदी लय चांगली बसती. सायबाच्या घरातले काटे-चमचे असेच असत्यात. सयाजीनं दिलेलं आत तसंच ऱ्हाईल, तुझ्या कातड्याला लागणार न्हाई. पण पाय बरा होईस्तोवर काडावी लागतील. आन पुन्ना चिंच लावलीस तर मीच तुला जतला पोचवीन.”

काढायची म्हटल्यावर विजयमालानं पाय पदराखाली घेतले. मग बनुआक्का उठल्या, आत गेल्या आणि सुताचा दोरा हळदीत भिजवून घेऊन आल्या. मंगळसूत्र तुटलं तर बाई मोकळ्या गळ्यानं राहत नाही, हळकुंड बांधते. पायाला का चालू नये? आधी कुणी केलं नव्हतं, एवढंच. दोरा त्यांनी माझ्यापुढे धरला.

“भाबी, तुमी बांदा. तुमी सवाष्ण हायसा. माजा हात नगं.”

मी मुसलमानाची बाई, त्या मराठ्यांच्या घरच्या विधवा. पण त्या क्षणी त्यांनी तेवढाच हिशेब केला. मी खाली बसले. विजयमालानं डोळे मिटून उजव्या पायातलं जोडवं काढलं आणि मी तिथे लगेच पिवळा दोरा बांधला, बोट क्षणभरही रिकामं राहू दिलं नाही. मी डाव्या पायाकडे वळले. तिनं तो मागे ओढला आणि सासूपुढे केला.

“हितं तुमी बांदा, आत्याबाई.”

बनुआक्का म्हणाल्या, “न्हाई गं.” पोरीनं पाय हलवला नाही. बनुआक्कांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दारातल्या गाडीकडे. मग त्या सुनेच्या पायाशी बसल्या. गाठ दोनदा सुटली. बांधून झाल्यावर त्या उठल्या, गाडीतलं बोचकं उचलून स्वतःच आत नेऊन ठेवलं.

राहिला चांदीचा प्रश्न. आमच्याकडची चांदीची पट्टी संपली होती आणि लढाईत नवी मिळायची नाही. बनुआक्कांनी आतून एक चिंधी आणली. त्यात त्यांची स्वतःची जोडवी होती, जाड, जुन्या घडणीची, नवरा गेला त्या दिवशी उतरवलेली. “खरी हायती. पण…” विधवेची उतरलेली जोडवी सुनेच्या पायात कुणी घालत नाही.

“पाण्यात गेल्यावर ते जोडवं ऱ्हात न्हाई, बनुबाई,” हे म्हणाले. “नुसती चांदी ऱ्हाती. ती कुनाच्या पायातली, ते पाण्याला ठाऊक नसतं.”

चांदीचं पाणी वेगळं, ते पांढरं असतं आणि जहरी असतं. त्याच्याजवळ हे कुणाला फिरकू देत नसत. म्हणून त्या दोघी जोडवी घेऊन दुकानात आल्या त्या दिवशी आम्ही तिघी मागच्या खोलीच्या दारात उभ्या राहिलो. काठाला बनुआक्कांची जोडवी टांगली, मध्ये सयाजीनं दिलेली. वीज सोडली. दिसायला काहीच नव्हतं, पण बनुआक्का तिथून हलल्या नाहीत. दुपार उतरल्यावर ह्यांनी चारही बाहेर काढली, स्वच्छ पाण्यातून धुतली. सुनेची जोडवी दुधासारखी झाली होती. सासूची उचलल्यावर हाताला हलकी लागत होती.

“माजं तिकडं गेलं,” बनुआक्का म्हणाल्या. एवढंच. पण गेली कित्येक वर्षं मी त्यांचा चेहरा असा मोकळा बघितला नव्हता.

पाऊस लागेपर्यंत विजयमालाचे पाय कोरडे झाले, भाद्रपदात नवी कातडी आली आणि तिनं जोडवी पुन्हा घातली; विरोद्या मात्र माझ्याकडेच राहिल्या. सयाजीचं पत्रही आलं. त्याचा आणि पायाचा काही संबंध नव्हता, हे मी बनुआक्कांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि त्याच दिवशी देवीला नारळ फोडला. आमचे हे बाह्यांना मेणकापडाचे हातमोजे शिवून काम करायला लागले. निकेलचं कौतुक कमी झालं नाही. फक्त आता मधेच थांबून म्हणतात, “ज्याचं त्याचं कातडं.”

चांदीचा मुलामा काही जन्मभर टिकत नाही. दर उन्हाळ्यात जोडवी पुन्हा पाण्यात टाकावी लागायची. दर उन्हाळ्यात बनुआक्का चिंधी सोडायच्या आणि दर खेपेला त्यांची जोडवी बारीक होत गेली. लढाई संपली, पुढच्या साली सयाजी घरी आला, तेव्हा बनुआक्कांच्या जोडव्यांच्या फक्त दोन तारा उरल्या होत्या.

तो आई-बायकोबरोबर दुकानात आला तेव्हा पायाची सगळी हकिकत ऐकून आला होता. उंच, रापलेला, एका कानानं कमी ऐकणारा. त्यानं खिशातून पुडी काढून फळीवर ठेवली. आत कोरी जोडवी होती, खऱ्या चांदीची, सोनारापुढे बसून पारखून घेतलेली. “मिस्त्री, ती खोटी द्या फेकून,” तो म्हणाला. त्याला मान वर करवत नव्हती.

चारचौघांत विजयमाला नवऱ्याशी कशी बोलणार? ती माझ्याकडे बघून बोलली. “भाबी, त्यास्नी सांगा, ही खोटी न्हाईत. ह्यात आत ते हायती आन वर आत्याबाई. ह्यास्नी टाकून मी नुसती चांदी कशाला घालू?”

सयाजीनं तिच्या पायाकडे बघितलं. मग त्यानं ती कोरी जोडवी उचलली आणि ह्यांच्या हातात दिली. “मग ही टांगा पाण्यात,” म्हणाला. “आयचं आता संपत आलंय.”

हे आत गेले. विजयमाला पायरीवर बसली, जोडवी उतरवली आणि दरसालाप्रमाणे हळदीच्या दोऱ्यासाठी एक पाय माझ्यापुढे केला, एक बनुआक्कांपुढे.